सोडवैनी

“आज किमान दोन हजार घेऊन बसायचं. दिवाळीचं टेबल आहे,” उदय शेटे म्हणाले आणि चिप्सची पेटी उघडता उघडता माझ्याकडे बघून हसले.

एरवी दर रविवारी किमान पाचशे असायचे. माझ्या पर्समध्ये त्या दिवशी दोन हजार होते. बरोबर दोन हजार, वर एक नोट नाही. हे मला ठाऊक होतं आणि माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं, कारण सकाळी चहा पिताना त्यानं अगदी सहज विचारलं होतं, “किती उरलेत गं तुझ्याकडे?” आणि मीही सहज सांगून टाकलं होतं.

मी राजनकडे बघितलं. तो खुर्ची टेबलाजवळ ओढण्यात गुंतला होता. एक खुर्ची ओढायला माणसाला किती वेळ लागावा?

“काय सोडवैनी,” शेटे म्हणाले, “बसणार, का नुसती भजी खाऊन जाणार?”

“बसणार,” मी म्हणाले.

बरीच वर्षं झाली या गोष्टीला. पण त्या माणसाचं ते हसणं आठवलं की अजूनही माझ्या कानशिलांतून वाफा निघतात.

शेट्यांचं सांगलीत विश्रामबागला टाइल्सचं मोठं दुकान होतं. दुकानाच्या वर एक हॉल होता, त्यात रविवारी दुपारी पोकरचं टेबल लागायचं. गोव्याला जाऊन शेटे हा खेळ शिकून आले होते, येताना चिप्सची ही पेटीही घेऊन आले होते. गोव्यात काय काय बघितलं ते त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं, की आपणच तिथं चार वर्षं राहून आलोय असं वाटायचं. टेबलावर आम्ही पाचजण असायचो. शेटे, माझा नवरा राजन बेडगे, दातांचे डॉक्टर मगदूम, पंपसेटचे डीलर बाळू कत्ते आणि मी. पत्ते वाटायचं काम कत्त्यांकडे होतं, कारण त्यांच्या हाताला शिस्त होती आणि डोक्याला फारसा ताप नव्हता.

मी तिथं कशी पोचले, ते सांगायला हवं.

मी तेव्हा एका ट्रस्टच्या दवाखान्यात फार्मासिस्ट होते. पगार दर महिन्याला बँकेत जमा व्हायचा आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड राजनच्या पाकिटात असायचं. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यानं ते ‘राहू दे माझ्याकडे, तू हरवशील’ म्हणून ठेवून घेतलं होतं. मी तोवर आयुष्यात काही हरवलं नव्हतं. पण नवं लग्न होतं, त्याच्या बोलण्यातही काळजीच दिसली मला. पुढं तन्वी झाली, ती शाळेत जायला लागली, आणि मी रोज सकाळी निघताना रिक्षाचे पैसे मागत राहिले. एकदा दवाखान्यात आमच्या एका सिस्टरचा निरोपसमारंभ होता. वर्गणी दोनशे रुपये. माझ्याकडे नव्हते. मी राजनला फोन केला, तर तो म्हणाला, “कशाला पाहिजेत दोनशे? शंभर दे की.” मी काउंटरवर उभी होते, समोर औषधाला माणसं उभी होती, आणि मी माझ्याच पगारातल्या शंभर रुपयांसाठी फोनवर हुज्जत घालत होते.

त्या संध्याकाळी मी कार्ड मागितलं.

“तुला पैसा टिकवता येत नाही,” राजन म्हणाला.

“मी टिकवून कधी बघितलाय? हातात आला तर टिकवीन ना.”

तेव्हा त्याला गंमत सुचली. गणपतीत शेट्यांकडे सगळे सहकुटुंब जेवायला गेलो होतो, तेव्हा मी त्याच्या मागं उभी राहून तासभर खेळ बघितला होता आणि घरी येताना म्हणाले होते, की तू प्रत्येक डावात पैसे घालतोस म्हणून हरतोस. ते त्याला फार झोंबलं होतं. त्यानं पाच हजार रुपये काढून माझ्यासमोर ठेवले.

“हे घे. शेट्यांच्या टेबलावर दर रविवारी बसायचं. घरी कपाटात लपवून ठेवायचे नाहीत, खेळायचं. मधेच उठून जायचं नाही. दिवाळीपर्यंत टिकलीस, तर कार्ड तुझं. संपले, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.”

“हे पैसे कुठले?” मी विचारलं.

“तुझ्याच पगारातले,” तो म्हणाला, आणि त्यात काही विनोद आहे हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

मी हो म्हणाले. का म्हणाले, ते आजही नीट सांगता येत नाही. तेव्हा एवढंच कळत होतं, की हे पाच हजार संपता कामा नयेत.

मग मी खेळ शिकले. तसा तो सोपा. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते लपवलेले, मधे आधी तीन आणि मग एकेक करून पाच पत्ते सगळ्यांसाठी उघडे, आणि त्यांतून ज्याची जुळणी सगळ्यांत भारी त्याचे पैसे. मधल्या पत्त्यांगणिक पैसे लावायचे. आमच्या टेबलावर बोलायचे शब्द तीन. ‘सोडला’ म्हणजे हा डाव माझा नाही. ‘बघतो’ म्हणजे समोरच्यानं लावले तेवढे मीही लावले. ‘वाढवतो’ म्हणजे त्याच्यावर आणखी.

थोड्या पैशात टिकायचं तर एकच रस्ता होता, आणि तो मी पहिल्याच रविवारी पकडला. सोडायचं. हातात राजा, एक्का किंवा जोडी नसेल तर सोडायचं. जोडी असली तरी शेट्यांनी तावातावानं वाढवलं की सोडायचं. पाचशेच घेऊन बसायचं, बाकीचे दवाखान्यातल्या कपाटात कुलपात ठेवायचे, म्हणजे रागाच्या भरात हात घालायला काही नको. शेट्यांच्या डाव्या हाताला बसायचं, म्हणजे ते आधी बोलतात आणि आपल्याला ऐकून ठरवता येतं. समोर नऊशे-हजार झाले की जीव आवरून धरायचा. ही माणसं चुरशीनं एकमेकांच्या अंगावर जायची, मी मधे भजी खात बसायची आणि तासातून एखादा डाव खेळायची. मला कंटाळा यायचा. इतका, की दुर्री-सत्तीसुद्धा देखणी दिसायला लागायची. तरी मी म्हणायची, “सोडला.”

शेट्यांनी माझं नाव सोडवैनी ठेवलं. सगळे हसले. राजन सगळ्यांत जास्त हसला.

पैसे हळूहळू उतरत होते. सोडतानाही आळीपाळीनं थोडे घालावेच लागायचे. कधी एखादा डाव लागायचा, कधी एखादी जोडी दगा द्यायची. पण बाकीच्यांचे एवढे पैसे दोन रविवारांत उडायचे, माझे दिवाळी तोंडावर आली तरी संपले नव्हते. कत्ते एकदा म्हणालेही, “वैनी, तुमच्याकडनं शिकाय पायजे.” राजननं त्यांच्याकडे असं बघितलं, की बिचाऱ्यांनी पुढचे चार डाव तोंड उघडलं नाही.

आणि आता हा शेवटचा रविवार. दिवाळीच्या सुट्टीत दवाखाना बंद राहणार म्हणून कपाटातले उरलेलेही मी शनिवारी घरी आणले होते. संध्याकाळपर्यंत बसले, उठताना समोर काहीतरी उरलं, की झालं. म्हणून किमान दोन हजार. पाचशे घेऊन मी दिवसभर सोडत बसले असते, माझं कोणी वाकडं केलं नसतं. सगळेच्या सगळे टेबलावर ठेवले, की एका डावात जाऊ शकतात. राजननं शेट्यांना सांगितलं असेल, का शेट्यांच्याच डोक्यातून निघालं असेल, हे मला कधीच कळलं नाही. आज विचारलं तर राजन म्हणेल, मला आठवत नाही. त्याला सोयीचं तेवढं नेमकं आठवत नाही.

मी दोन हजारांच्या चिप्स घेतल्या आणि शेट्यांच्या डाव्या हाताला बसले.

पहिला तासभर मी सोडत राहिले. शेटे रंगात होते. त्यांच्या मिसेस, शैलावहिनी, खालून भज्यांचं ताट पाठवत होत्या. शेटे मला म्हणाले, “वैनी, एवढं धरून काय करणार? पैसा फिरला पायजे.”

“तुमच्याकडे फिरतोयच की,” मी म्हणाले.

मगदूम हसले. शेट्यांना ते आवडलं नाही.

मग तो डाव आला. मला दोन नव्व्या आल्या. चांगली जोडी, पण मोठी नाही. शेट्यांनी शंभर लावले, मी बघितले, बाकीच्यांनी सोडले. मधले तीन पत्ते उघडले, सत्ती, चौकी, दुर्री. तिथं माझी नव्व्यांची जोडी भारी होती. शेट्यांनी तीनशे लावले. मी बघितले. चौथा पत्ता उघडला आणि बदामाचा राजा आला.

शेट्यांच्या चेहऱ्यात काही बदललं नाही, पण त्यांनी भजं उचललं होतं ते न खाता परत ताटात ठेवलं. मला तेवढं पुरेसं होतं. राजा त्यांच्या हातात होता.

“सगळे,” शेटे म्हणाले. “वैनींच्या समोर जेवढे हायेत तेवढे.”

माझ्यासमोर चौदाशेच्या आसपास होते. बघितले आणि हरले, तर सगळं संपलं. कार्ड गेलं, विषय काढायचा नाही, आयुष्यभर रिक्षाचे पैसे मागायचे. सोडले, तर चारशे गेले, पण चौदाशे घेऊन मी संध्याकाळपर्यंत आरामात बसले असते. सोडायचंच होतं. दोन महिने मी तेच करत आले होते. फक्त नव्व्या टाकवत नव्हत्या, एवढंच. मी हनुवटीखाली हात घेतला आणि नेहमीच्या सवयीनं, स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाले, “बघू...”

“झालं,” शेटे म्हणाले. “बघितले वैनींनी.”

“काय?”

“बघू म्हणाला की. बघितले.”

“मी बघू म्हणाले. बघते नाही म्हणाले. विचार करत होते मी.”

“टेबलावर बघू आणि बघतो एकच. गोव्यात तर नुसता ब निघाला तोंडातनं तरी धरतात. शब्द गेला की गेला.”

“गोव्यात मराठीत खेळतात का?” मी विचारलं.

“वैनी, वाद नको. नियम म्हंजे नियम. काय डॉक्टर?”

मगदूम आपल्या चष्म्याची काडी पुसत होते. ते म्हणाले, “नियम तसा आहे खरा. तोंडी बोललेलं धरतात.”

“पण मी बोललेच नाही. तुम्ही घरी बायकोला ‘बघू’ म्हणता, तेव्हा ती सोनं घेऊन येते का?”

कत्ते खाली बघून हसले. शेटे हसले नाहीत. त्यांनी आपले दोन पत्ते उलटे होते ते सुलटे केले. एक्का आणि राजा. राजांची जोडी झाली होती त्यांची, माझ्या नव्व्यांच्या डोक्यावर.

“आता दाखवलेत मी,” ते म्हणाले. “आता मागं जाता येत न्हाई. तुमचे दाखवा.”

मी राजनकडे बघितलं. तो खिडकीतून खाली रस्त्यावर बघत होता. रविवारी दुपारी तिथं रस्त्यावर काय होतं देव जाणे.

“दाखव,” तो तसंच खिडकीकडे बघत म्हणाला. “एवढं काय त्यात.”

मी नव्व्या दाखवल्या. शेट्यांनी त्या बघितल्या आणि त्यांचे खांदे सैल झाले. “चुकीच्या वेळी शूर झालात वैनी,” ते म्हणाले. “वाट रे बाळू शेवटचा.”

मी चिप्स पुढं सरकवल्या नव्हत्या. माझे दोन्ही हात त्यांच्याभोवती होते. मनात मी त्या कार्डाचा निरोप घेत होते, आणि तेही ज्या शब्दावर गेलं तो शब्द मी खेळात बोललेच नव्हते. राग इतका होता की डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि ते या चौघांसमोर येतंय म्हणून आणखी राग.

कत्त्यांनी शेवटचा पत्ता उलटला.

इस्पिकची नव्वी.

कत्त्यांनी तो पत्ता ओळीत नीट लावला, पुन्हा एकदा बघितला आणि म्हणाले, “तीन नव्व्या. वैनींचा डाव.”

मी हात पुढं केला. आणि तेवढ्यात शेट्यांनी मधल्या चिप्सवर आपला पंजा ठेवला.

“थांबा थांबा. वैनींनी पैसे कुठं पुढं केले होते?”

मला आधी कळलंच नाही.

“म्हंजे?” कत्ते म्हणाले.

“म्हंजे बघितलंच न्हाई त्यांनी. समोर बघ, सगळ्या चिप्स त्यांच्या हातात हायेत. आणि त्या स्वतःच म्हणाल्या की, बघते न्हाई म्हणाले, विचार करत होते. सगळ्यांनी ऐकलं.”

“तुम्हीच म्हणालात बघू आणि बघतो एकच,” मी म्हणाले.

“मी म्हणालो. पण तुम्ही मान्य केलं न्हाई. आता डाव तुमच्या बाजूला पडला म्हणून मान्य? असं न्हाई चालत. आपल्यात बघू म्हंजे काय हो? बघू म्हंजे नाहीच की. सभ्यपणानं नाही म्हणतो आपण. तुम्ही सोडला. मधले माझे.”

हे सगळं तो माणूस अगदी शांतपणे म्हणाला. आवाज चढला नाही, घाम आला नाही. आपण दोन मिनिटांपूर्वी नेमकं उलटं बोललो होतो याची त्याला लाज नव्हती. त्याचा हॉल, त्याची पेटी, त्याचं टेबल. शब्दाचा अर्थही त्याचाच.

“डॉक्टर,” मी म्हणाले, “आत्ता तुम्ही म्हणालात, तोंडी बोललेलं धरतात.”

मगदूमांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “तसं बघितलं तर दोन्ही बाजूंनी म्हणता येईल,” ते म्हणाले. दात काढताना तरी हा माणूस एका बाजूला उभा राहत असेल ना?

कत्ते हातातला गठ्ठा सारखा करत बसले. डाव माझा असं आत्ताच म्हणाले होते, तेच हे.

“राजनला विचारू,” शेटे म्हणाले. “नवरा हाय. त्याच्याइतकं वैनींचं बोलणं कोणाला कळणार? सांग रे राजन. तुझी बायको बघू म्हणते, म्हंजे काय?”

सगळे राजनकडे बघायला लागले. मीही. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला आशा होती. बाकी काही असो, तो म्हणेल, तिचा डाव आहे, द्या तिला. निदान चारचौघांत, एकदा तरी. मग तो उठून माझ्या खुर्चीमागं आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली वाकून, लहान मुलीला समजावतात तसं म्हणाला, “जाऊ दे गं. चारशे रुपयांचा प्रश्न आहे. तुझ्याकडे आहेत ना चौदाशे? गप बस अजून तासभर. मग कार्ड तुझंच आहे.”

“माझा डाव आहे, राजन.”

“मी कुठं नाही म्हणतो? पण उठलीस, भांडलीस, तर आपलं ठरलेलं मोडलं. मधेच उठायचं नाही असं ठरलंय. विचार कर. एक तास.”

शेट्यांनी मधल्या चिप्स ओढून घेतल्या आणि कत्त्यांनी पत्ते गोळा करायला सुरुवात केली. माझ्या नव्व्याही उचलल्या. पत्ते पिसल्याचा आवाज झाला आणि नवीन दोन पत्ते माझ्यासमोर येऊन पडले.

मी ते उचलले नाहीत. मी माझ्यासमोरच्या चिप्सकडे बघत होते. चौदाशे रुपये. एवढे घेऊन एक तास बसणं मला अवघड नव्हतं. गेले दोन महिने मी तेच शिकले होते, गप्प बसायचं आणि सोडायचं. भजी खायची. सोडवैनी म्हटलं की हसायचं. आणि तासाभरानं बक्षीस म्हणून मला काय मिळणार होतं? माझं नाव छापलेलं कार्ड. माझ्या पगाराचं. खात्याचा अर्ज भरताना सही मी केली होती, लग्नाच्या आधी, माझ्या माहेरच्या नावानं. या घरात यायच्या आधीपासून माझं असलेलं मी जिंकायला बसले होते. आणि हरले असते तर हरलेही असते. हे मला गणपतीपासून दिवाळीपर्यंत कसं सुचलं नाही?

“वैनी, पत्ते बघा,” शेटे म्हणाले.

मी खांद्यावरचा राजनचा हात काढून बाजूला केला आणि उठले.

“राजन, पाकीट काढ.”

“काय?”

“पाकीट. कार्ड दे माझं.”

“घरी गेल्यावर बोलू. चारचौघांत तमाशा नको.”

“तमाशा झाला, तेव्हा तू खिडकीत होतास. पाकीट काढ.”

“उठलीस म्हणजे हरलीस तू, कळतंय ना? ठरलंय आपलं.”

“हो. हरले. पुन्हा विषय काढणार नाही, आत्ताच काढून संपवते. काढ पाकीट आणि कार्डावर नाव काय आहे ते मोठ्यानं वाच. बेडगे लिहिलं असेल तर तुझं.”

राजन लाल झाला. त्यानं शेट्यांकडे बघितलं. त्याला वाटलं असेल शेटे मला काहीतरी सुनावतील. पण शेट्यांचा हातात आलेला डाव चांगला असावा, कारण ते वैतागून म्हणाले, “दे की रे ते कार्ड. खेळ अडलाय.”

माझ्या लग्नाची इतकी वर्षं जे मिळालं नव्हतं, ते त्या माणसाचा खेळ अडला म्हणून मिळालं. याचाही मला राग येतो. त्याचे उपकार नकोत मला, पण झालं ते असं झालं.

राजननं पाकीट काढलं. त्यात बरीच कार्डं होती, त्यांतून शोधावं लागलं. मी हात पुढं धरून उभी राहिले. त्यानं ते दिलं नाही, टेबलावर टाकलं, पत्त्यांशेजारी. मी उचललं.

“पिन?”

“घरी सांगतो.”

“आत्ता.”

तो पुटपुटला.

“ऐकू आलं नाही.”

“गाडीचा नंबर,” तो म्हणाला. “माझ्या मोटरसायकलचा.”

मगदूम पुन्हा चष्मा पुसायला लागले. मी माझ्या चौदाशेच्या चिप्स कत्त्यांसमोर ठेवल्या. त्यांनी नोटा मोजून दिल्या. देताना त्यांचा आवाज एवढासा होता, “वैनी, डाव तुमचाच होता.” मी म्हणाले, “हे मघाशी म्हणायचं होतंत,” आणि जिना उतरले. मागून राजन ये म्हणाला नाही आणि थांब म्हणाला नाही.

विश्रामबागच्या चौकात तेव्हा एक एटीएम होतं, काचेच्या दाराचं. आत गेले. कार्ड घातलं. त्याच्या गाडीचा नंबर टाकला, यंत्रानं तो बिनतक्रार घेतला, आणि पिन बदलायचं बटण शोधून मी दाबलं.

‘नवीन चार आकडे टाका.’

मला आकडा सुचेना. राजनच्या जन्माचं साल डोक्यात आलं. तन्वीच्या जन्माची तारीख आली. लग्नाची तारीख आली. सासूबाईंच्या खोलीच्या कुलपाचा नंबर आला, राजनच्या फोनचे शेवटचे चार आकडे आले, तन्वीच्या शाळेच्या रिक्षाचा नंबर आला. मला इतक्या जणांचे इतके आकडे पाठ होते, आणि माझा एक नव्हता. वेळ संपली, यंत्रानं कार्ड बाहेर टाकलं. मी परत घातलं. पुन्हा तेच. बाहेर दोन माणसं थांबली होती, त्यांतल्या एकानं काचेवर बोटं वाजवली.

“बाई, येत नसंल तर सांगा, मी करून देतो,” तो दार किलकिलं करून म्हणाला.

“येतंय मला,” मी म्हणाले. “थांबा बाहेर.”

तो थांबला. मी तिसऱ्यांदा कार्ड घातलं आणि चार आकडे टाकले. ते कुणाच्या वाढदिवसाचे नव्हते, कुणाच्या गाडीचे नव्हते. राजननं पुढं कितीदा तरी विचारलं, आधी चिडून, मग लाडानं, एकदा आजारपणात अगदी काकुळतीला येऊन. तन्वीनंही विचारलं. मी कुणाला सांगितला नाही. तुम्हालाही सांगणार नाही.